लीलाधरजींचं नाक

वडनेरचे लीलाधरजी मेकॅनिक सायलेन्सरपाशी नाक नेऊन धूर हुंगायचे आणि इंजिनात पेट्रोल जास्त जातंय की हवा, ते सांगायचे. तीस वर्षांत कधी चुकले नाहीत.

२००७ साली सिंदी रेल्वेचा कापूस व्यापारी निकेश आपली टर्बो गाडी घेऊन आला, सोबत हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा मीटर. गाडी आधी त्याच्या मोठ्या भावाची. गेल्या उन्हाळ्यात भाऊ तिच्यातच झोपला, तो उठलाच नाही.

"तुले माह्या नाकावर भरोसा नाई काय?" लीलाधरजी भडकले. तरी त्यांनी सायलेन्सरमध्ये मीटरचा सेन्सर बसवला आणि बॅटरी जोडली.

इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं. पण मीटरचा आकडा संथपणे उतरला, चढला, पुन्हा उतरला. श्वासासारखा.

सवयीनं आपण तोंड सायलेन्सरपाशी नेलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. "माह्याच श्वासानं हालून राह्यला," म्हणत ते हसले आणि त्यांनी दम रोखून धरला.

आकडा हलतच राहिला. थंड सायलेन्सरमधून उबदार हवा त्यांच्या नाकाला लागली. त्यांनी ती हुंगली.

"निकेश, तुह्या भाऊले लवंग चघळाची सवय होती काय?"

निकेश दोन पावलं मागं सरला. "तुमाले कोणं सांगतलं?"