तीनशे सतरा नंबरची नळी

तिला सगळे बाटलीमावशी म्हणायचे. खरं नाव होतं ते हजेरीपटावर. जंतूंच्या प्रयोगशाळेत ती काचेची भांडी धुवायची, जंतूंचं खाणं शिजवायची आणि काम संपलेले जंतू वाफेच्या मोठ्या कुकरात घालून मारायची. “वाढवायचे तुम्ही आणि मारायचे मी. पाप सगळं माझ्या एकटीच्या माथी!” असं म्हणून हसायची. हात मात्र कोपरापर्यंत तीन-तीनदा धुवायची. पेरांना भेगा पडल्या तरी साबण सुटत नसे.

नळ सोडला, की मागे कुणीतरी उभं आहे असं तिला वाटायचं. वळून पाहावं तर कपाट. चौदा वर्षं हे असं चाललेलं. कोण उभं असतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी तिच्या हातून जंतूंनी भरलेला चंबू फुटला. गढूळ पाणी बाहीवर उडालं. तिने हात धुतले, बाही नुसती पिळली आणि तशीच घरी पळाली, कारण लेक वाट पाहत होती. एकोणीस वर्षांची पोर, पायाला पत्रा लागलेला. मावशीने त्याच बाहीने तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बदलली. चौथ्या दिवशी ताप भरला, जंतू रक्तात गेले आणि आठव्या दिवशी सगळं आटोपलं. बाहीचं ती कुणालाच बोलली नाही. नवरा बिचारा ते न कळताच गेला.

इस्पितळाने लेकीच्या रक्तातला जंतू वाढवला आणि त्याची एक नळी जपून ठेवायला नेमकी याच प्रयोगशाळेत पाठवली. नंबर तीनशे सतरा. मावशी अक्षरं अडखळत वाचायची, आकडे मात्र झरझर. नळीवरची तारीख तिने ओळखली. त्या दिवसापासून फ्रीजरजवळून जाताना ती पदर आवरून घ्यायची. लेक गेली होती आणि तो आत जिवंत होता, बर्फात झोपलेला.

मग फ्रीजर बिघडला. शनिवारपर्यंत जुन्या नळ्या कुकरात घालायचा हुकूम निघाला. घालणार कोण, तर मावशीच. तिने बाकीच्या नळ्या मुकाट्याने घातल्या. तीनशे सतरा तेवढी बर्फाच्या डब्यात ठेवून ती चष्मेवालीकडे गेली. चष्मेवाली म्हणजे संशोधन करणारी पोरगी. जंतू एकाचे दोन कसे होतात, एवढंच ती सहा वर्षं बघत होती.

“पोरी, हा मारण्याआधी मला सांग, हा आपल्या प्रयोगशाळेतला की बाहेरचा?” आणि मावशीने बाहीची गोष्ट चौदा वर्षांनी पहिल्यांदा तोंडाबाहेर काढली.

चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मावशी, त्या वेळचे साहेब इथे एकच जात वाढवायचे. ती लंगडी होती.”

“म्हणजे कशी?”

“जंतूच्या कमरेशी आतून प्रथिनांचे बारीक धागे कडं करतात. धाग्याला पुढून तुकडे जोडले जातात, मागून सुटतात, असे ते फिरत राहतात. त्यांच्या मागोमाग जंतूची भिंत बांधणारी प्रथिनं आत आत बांधत येतात. कंबर आवळत जाते आणि एकाचे दोन होतात.”

“परकराच्या नाडीसारखं. पण ओढतं कोण?”

“त्यावरच तर भांडण आहे. कुणी म्हणतं धागे वाकून आवळतात, कुणी म्हणतं भिंतच आत ढकलते.”

“हात्तिच्या! तुम्हालाही ठाऊक नाही होय? मला वाटलं मीच अडाणी.”

पोरगी हसली, पण लगेच गंभीर झाली. “साहेबांच्या जातीत ते कडं कच्चं होतं. तीस अंशांवर ठीक. बेचाळीसवर नेलं की कडं विस्कटतं, मग जंतू दुभंगत नाही, नुसता दोरीसारखा लांबत जातो. हा लांबला तर…”

“तर आपला,” मावशी म्हणाली.

चष्मेवालीने रात्रभर जंतू वाढवला आणि सकाळी दोन तास बेचाळीस अंशांवर ठेवला. मावशीने ते दोन तास धुतलेल्याच बशा पुन्हा धुतल्या. मागचं कुणीतरी त्या दिवशी इतकं जवळ आलं होतं, की मानेवर श्वास लागावा.

“या मावशी!”

मावशीने मायक्रोस्कोपला डोळा लावला. दोरी एकही नव्हती. आखूड, गुटगुटीत जंतू. कितीतरींची कंबर मधोमध आवळलेली.

“आपला नाही!” चष्मेवालीने तिचे दोन्ही खांदे धरले. “तुमच्या बाहीतला नाही हो!”

मावशीला रडायला यायला हवं होतं. आलं नाही. ती तशीच डोळा लावून बसली.

“पोरी, लंगडा जंतू कधी सुधारतो का गं?”

खोटं बोलणं पोरीला जमत नसे. “क्वचित. दहा कोटींत एखादा.”

“आणि चंबूत असायचे किती?”

“दहा हजार कोटी तरी.”

“म्हणजे हजार.” हिशेब मावशीने एका दमात केला.

“पण बाहीवर थेंब उडाले, मावशी, सगळा चंबू नाही!”

“त्या थेंबांत त्या हजारातला एकही नव्हता, असं शपथेवर सांग.”

“शपथेवर नाही सांगता येणार,” चष्मेवाली म्हणाली. “पण एक उपाय आहे. याच्या आतलं सगळं लिखाण, म्हणजे डीएनए, बाहेर पाठवून वाचून घेता येतं. साहेबांच्या जातीच्या नोंदवलेल्या लिखाणाशी ताडून बघितलं, की शंका राहणार नाही. तीन आठवडे लागतील. पण आज जे दिसलं त्यावर थांबलात तरी चालेल. मी कुणाला काही बोलणार नाही. समजा आपलाच निघाला, तर?”

मावशीने मागे वळून पाहिलं. कपाटच होतं.

“निघाला तर निघाला. चौदा वर्षं लेकीला पाठीशी उभं ठेवलंय मी. एकदा तोंडावर उत्तर देईन, मग ते काहीही असो.” तिने बर्फाचा डबा पुढे सरकवला. “पाठव. आणि पत्त्यातले आकडे मला लिहू दे, तुझा सात नेहमी एकासारखा दिसतो.”