मी गेलो की आकडा उतरायचा

आमच्या घरात मिक्सर बिघडो, टीव्ही बिघडो, मुलगी आधी विचारते, "बाबा, खण वेगळे करून बघायचे का?" तिची आई लगेच हसू दाबत स्वयंपाकघरात निघून जाते. हा विनोद दिंडोरीच्या एका केळी पिकवायच्या खोलीबाहेर जन्माला आला, आणि त्यात हसण्यासारखं जे काही होतं ते मीच होतो.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आम्ही इंदिरानगरात राहायचो आणि मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात होतो. तिथे हवेतले वायू मोजायची यंत्रं बनायची. यंत्र म्हणजे एक जडशी पेटी, आत सगळं एकमेकांत गुंतवून डाग देऊन बसवलेलं. सटाण्याच्या गिऱ्हाइकाचा नुसता पंप अडकला तरी अख्खी पेटी एसटीच्या टपावर बसून अंबडला यायची. ते बघून मी एक टूम काढली. पेटीऐवजी चौकट करायची आणि तिच्यात चार खण बसवायचे: हवा ओढणारा पंप एकात, गाळणी दुसऱ्यात, वायू ओळखणारा सेन्सर तिसऱ्यात, आकडा दाखवणारी पाटी चौथ्यात. जो खण बिघडेल तो टेबलाच्या ड्रॉवरसारखा ओढायचा, दुसरा सरकवायचा, काम संपलं.

ही कल्पना मला मिसळणाच्या डब्यावरून सुचली असं बायको माहेरी सांगते. मला ती कशावरून सुचली हे आठवत नाही, त्यामुळे मी वाद घालत नाही.

कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, त्यांनी चारही खण ओढून पाहिले, परत सरकवले आणि म्हणाले, "खण आले म्हणजे सांधे आले. सांध्यातून बाहेरची हवा शिरणार. तुला मोजायचंय खोलीतलं आणि तू मोजत बसशील व्हरांड्यातलं."

"नाही शिरणार, सर. रबरी रिंगा आहेत."

"मग कुणाकडे तरी लावून दाखव. मी येऊन बघेन. गळलं तर हे खणबिण बंद, आपली जुनी पेटी बरी."

आता असं अर्धंकच्चं यंत्र कोण लावून घेणार? जावयाला नाही म्हणता येत नाही असं जगात एकच ठिकाण असतं. सगळी दिंडोरी द्राक्षं लावत असताना माझ्या सासऱ्यांनी केळी पिकवायचा धंदा काढला होता. जळगावकडून हिरवी केळी यायची, बंद थंड खोलीत पिकायची आणि पिवळी होऊन बाजारात जायची. बंद खोलीत केळीही आपल्यासारखीच श्वास सोडतात. कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तो फार झाला की केळी धड पिकत नाहीत, मग दार उघडून खोली मोकळी करायची. ती कधी मोकळी करायची, हे माझं यंत्र सांगणार होतं. मी ते खोलीबाहेरच्या भिंतीवर टांगलं, एक बारीक नळी आत सोडली. आकडा एक टक्क्याच्या वर गेला की लाल दिवा लागायचा.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी आकडा चढत चढत एकच्या पुढे गेला आणि दिवा लागला. मी कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभा होतो. सासरे माझ्याकडे बघत होते, सासूबाई दारातून बघत होत्या. मी त्यांना समजावलं, "मामा, असा दिवा लागला की दार उघडायचं. पण मी तपासायला येईन त्या दिवशी मी येईपर्यंत दार बंदच ठेवा, म्हणजे मला आकडा नीट बघता येईल."

"तुमच्या शब्दाबाहेर नाय आम्ही, जावईबापू," सासरे म्हणाले.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला बरेच दिवस कळलंच नाही.

मेहुणा अंबडला फोन करून सांगायचा, "दाजी, आज आकडा दीडच्या वर हाय, लाल दिवा पेटलाय." मी खूश व्हायचो. दुसऱ्या दिवशी, येतोय असा फोन करून स्कूटरवर दिंडोरीला पोचावं, तर आकडा जवळजवळ शून्यावर. म्हणजे व्हरांड्यातल्या हवेइतका. खोली गच्च बंद, आत केळी ठासून भरलेली, आणि यंत्र म्हणतंय आत ताजी हवा आहे. साहेबांचं बोलणं जसंच्या तसं खरं ठरत होतं.

मी सांध्यांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा येईना. रिंगा बदलल्या. पंपाचा खण बदलला. सेन्सरचा खण काढून अंबडला नेला, सिलिंडरमधला मोजून ठेवलेला वायू त्यात सोडला, तर आकडा अगदी बरोबर. तोच खण दिंडोरीला आणून सरकवला की परत शून्याजवळ. मग कारखान्यातून दुसरे चार खण आणले आणि ह्यातला तो, त्यातला हा असं करत गेलो. शेवटी जुने कुठले आणि नवे कुठले तेच मला ओळखू येईना. खुणेसाठी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. पण लाल म्हणजे चांगला की संशयित, हे मी घरी विसरून आलो होतो.

"आत शिरा झालाय," सासूबाई म्हणायच्या. "आधी खाऊन घ्या, मग उघडा काय उघडायचं ते."

मी शिरा खायचो. बाहेर येऊन बघायचो तर आकडा किंचित वर सरकलेला असायचा. शिऱ्याचा आणि आकड्याचा काही संबंध असेल का, असाही विचार मी एकदा केला. इथपर्यंत पोचलो होतो.

"मामा, दार उघडलं नव्हतं ना?"

"तुम्ही सांगितलंय तसंच चाललंय सगळं," सासरे भिंतीकडे बघत म्हणायचे. "यंत्र लय भारी हाय तुमचं."

मेहुणा बाजूला क्रेट रचत असायचा. "दाजी, तुम्ही आलात की कसं गुणी बाळ होतंय बघा. तुम्ही गेलात की लागतंय रडायला."

"तू गप रे," सासरे म्हणायचे.

कारखान्यात प्रत्येकाने आपापलं निदान दिलं. एक म्हणाला दिंडोरीचं व्होल्टेज. एक म्हणाला थंडीचा ओलावा. एकाने स्कूटरच्या डिकीलाच दोष दिला. बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "डॉक्टरच्या दारात गेलं की दात दुखायचा थांबतो, तसं असेल. अहो, तुम्ही दर वेळी फोन करूनच जाता का?"

"म्हणजे काय? सासुरवाडीला न सांगता जाऊ?"

"हो, तेही खरंच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी तो विषय तिथेच सोडला.

साहेब शनिवारी येणार असं ठरलं होतं. मी तोवर आणखी रिंगा कापून ठेवल्या होत्या. पण गुरुवारी दुपारी साहेब टेबलाशी आले. "चल, आत्ताच जाऊन येऊ. गाडी काढलीय."

"सर, फोन करतो आधी."

"कशाला? मी काय जेवायला येतोय?"

वाटेत मी मनातल्या मनात जुन्या पेटीशी जुळवून घेतलं. पोचलो तेव्हा सासरे घरात आडवे झाले होते आणि बाहेर कुणी नव्हतं. भिंतीवर माझं यंत्र, त्याचा लाल दिवा लागलेला, आकडा दोनच्या जवळ.

साहेब चष्मा लावून बघत म्हणाले, "हा बरोबर वाटतोय की."

आता गप्प राहायचं की नाही? पण इतके दिवस शून्य बघून माझी खात्रीच झाली होती. मी म्हणालो, "नाही सर, आज हा जास्त दाखवतोय. सेन्सर गेला वाटतं." आणि खण ओढायला हात घातला.

साहेबांनी माझा हात धरला. "एक मिनिट. खोली बंद आहे, केळी आत आहेत, आकडा चढलाय. ह्यात चूक काय आहे?"

"रोज असं नसतं, सर."

तेवढ्यात गाडीचा आवाज ऐकून सासरे टॉवेल खांद्यावर टाकत धावत आले. त्यांनी मला पाहिलं, लाल दिवा पाहिला, आणि खोलीचं दार सताड उघडलं. वर पंखाही लावला. आम्ही तिघं उभे होतो आणि आकडा भराभर खाली येत होता. लाल दिवा विझला. सासऱ्यांनी सुस्कारा टाकला, मग म्हणाले, "या, बसा."

"रोज असंच करता?" साहेबांनी विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. "रोज नाय. जावईबापूंचा फोन आला की करतो. बापू, राग मानू नका. पयल्या दिवशी तो लाल दिवा लागला तवा तुमचं तोंड लय उतरलं होतं. हिनं पाहिलं, मी पाहिलं. ही म्हणाली, आपल्या दारात येऊन जावयानं असं तोंड करावं, बरं नाय दिसत. म्हणून तुम्ही यायच्या आधी जरा मोकळं करून ठेवतो."

पहिल्या दिवशी मला अतोनात आनंद झाला होता. आपण बनवलेली वस्तू आयुष्यात पहिल्यांदा चालली म्हणून मी तसा उभा होतो. हे मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "लग्नाच्या फोटोत तेच तोंड आहे तुमचं. माझी आई तेव्हाही घाबरली होती."

त्या दुपारी साहेब आत येऊन बसले. घरात गोडाचं काही नाही म्हणून सासूबाई कानकोंड्या झाल्या होत्या, तर साहेबांनी मागून घेऊन दोन केळी खाल्ली. परतताना गाडीत म्हणाले, "गळत नाही ते. खण ठेवू." थोड्या वेळाने म्हणाले, "लाल दिवा तेवढा काढ. पिवळा लाव."

त्यानंतर कारखान्यातून जी यंत्रं गेली ती चार खणांची आणि पिवळ्या दिव्याची. दिवा पिवळा का, असं गिऱ्हाइकं विचारायची. केळी पिवळी म्हणून, असं आमचा विक्रीवाला सांगायचा. खण माझ्यामुळे टिकले, की सासऱ्यांनी ऐन वेळी दार उघडल्यामुळे, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

सासुरवाडीला जायचं असलं की मी अजून आधी फोन करतो; न सांगता जाणं बरं दिसत नाही. पण तिथे पोचल्यावर सगळे हसतमुख, घर लख्ख, सासऱ्यांची शुगर एकदम काबूत, मेहुण्याचा धंदा जोरात असं सगळं ऐकताना मी शिऱ्याचा घास हातात धरून तसाच बसतो. आपण यायच्या आधी इथे कुठलं कुठलं दार उघडलं असेल, ह्याचा विचार करत.

"काय झालं, बापू?" सासूबाई विचारतात. "तोंड का उतरलं?"

मी म्हणतो, "नाही मामी, आनंद झालाय."