स्कोपमध्ये दिसलेला निवृत्ती

मंडळी, संध्याकाळपासून एक शब्द डोक्यातून जात नाहीये.

लुसैलमध्ये वर्ल्ड कपच्या स्टेडियमजवळ आमची साइट आहे. मी सर्व्हेवाला. आमचे कतारी साहेब युरोपात हरणाच्या शिकारीला जाणार आहेत. त्यांनी रायफलला लावायचे दोन स्कोप आणलेत. म्हणाले, "तू दिवसभर दुर्बिणीतूनच बघतोस. कमी उजेडात चांगला कुठला, ते सांग." जंगलात हरिण दिवस मावळतानाच बाहेर येतं, म्हणून मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजाननंतर आम्ही गच्चीवर गेलो.

इथे झाडी कुठली? मी स्कोप समोरच्या परांचीखालच्या अंधारात धरला.

पहिल्यात सगळं करडं दिसलं. दुसऱ्याची पुढची काच मोठी होती. त्यात अंधारातून एक माणूस वर आला. आमचा निवृत्ती, जालन्याकडचा, परांची बांधणारा. डबा खात होता. स्कोपमधला लाल ठिपका बरोबर त्याच्या छातीवर. हातातला घास तसाच धरून त्याने वर पाहिलं.

"दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"खलास," ते मागून म्हणाले.

अरबीत म्हणजे झालं, ठरलं, हाच घेऊ. मीही इथे उठसूट खलास म्हणतो. पण आज तो शब्द मला मराठीत ऐकू आला. हातात रायफल नव्हती, तरी बोट आखडलं.

खाली निवृत्ती भेटला. "सर, वरून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. घास गिळंना. कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. तुम्ही काय सांगितलं असतं?

तो डबा उचलून दिव्याखाली जाऊन बसला. तिथे तर तो स्कोपशिवायही दिसत होता.