दोन थाऊंची फट

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर जेवढी इंजिनं उघडली त्यातली निम्मी जरी पुन्हा बंद केली असती, तरी अकोल्यात आज एकही माणूस पायी चालताना दिसला नसता. हे मी रागानं म्हणत नाही. राग पहिल्या वर्षी होता, आता नुसता हताशपणा उरला आहे. धारणीच्या पुढे एका शाळेत मी शिकवतो आणि तिथल्या रस्त्याला जीपच लागते. दोन दिवाळ्यांपूर्वी ती जीप किंचित खडखडायला लागली म्हणून मी अमरावतीहून अकोल्याला नेऊन मामांच्या अंगणात उभी केली. "आठ दिवसांत देतो," मामा म्हणाले. तेव्हापासून जीप विटांवर उभी आहे आणि मी एसटीत.

मामा कापसाच्या जिनिंगमधले निवृत्त फिटर. इंजिनातला क्रँक बेअरिंगांमध्ये फिरतो आणि दोघांच्या मध्ये तेलासाठी केसाहून बारीक फट ठेवावी लागते, एवढंच मला ठाऊक होतं. मामांना त्या फटीत अख्खं ब्रह्मांड दिसतं. "जास्त ठेवली त तेल पळून जाते, कमी ठेवली त लोखंड लोखंडाले खाते. दोन थाऊ म्हन्जे दोन थाऊ." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बाकीचे मिस्त्री क्रँक हातानं फिरवून पाहतात, "बराबर हाय" म्हणतात आणि चहा मागवतात. ढिलं वाटलंच तर बेअरिंगावरची लोखंडी कॅप कानशीनं घासून मोकळे होतात. असल्या मिस्त्रीचं नाव जेवताना निघालं की मामा ताट बाजूला सारतात. माझ्या मेहुणीच्या लग्नात वाढप्यांना फिरायला जागा कमी पडते म्हणून त्यांनी बसलेली पंगत उठवली आणि बसायच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजून त्या पुन्हा अंथरायला लावल्या. वरण गार झालं, पण पुढे एकही वाढपी कुणाला धडकला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्यात अकोल्याचा मे महिना. उन्हानं लोखंड फुगतं आणि ते मोजायचा मायक्रोमीटरही फुगतो, म्हणून दोघांना आधी एकाच गारव्यात ठेवायचं, हा मामांचा नियम. मी गेलो तेव्हा माझा क्रँक खाटेवर चादरीवर कूलरसमोर पहुडला होता, उशाशी मायक्रोमीटर होता आणि मामी दारात बसून पेपरानं वारा घेत होत्या. "आपल्याले दोन नाती हायेत, जवाईबापू," मामी म्हणाल्या, "पन यायनं त्याईले बी असं कूलरपुढं कदी झोपवलं नाई."

मायक्रोमीटरनंतर दोऱ्याची पाळी. मेणासारख्या मऊ प्लॅस्टिकचा एक बारीक दोरा क्रँकवर ठेवायचा, वर कॅप बसवून मोजून मापून घट्ट आवळायची आणि पुन्हा उघडायची. चपट्या झालेल्या दोऱ्याची रुंदी छापील पट्टीवरच्या रेघांशी ताडून पाहिली की फट किती ते कळतं. मामा प्रत्येक आकडा भिंतीवर पेन्सिलनं लिहीत. कधी फट जास्त निघे, कधी कमी, आणि दोन वेळा तर त्यांनी बेअरिंगांचे नवेकोरे जोड "माल खराब हाय" म्हणून दुकानदाराला परत पाठवले. शेवटी माझा धीर सुटला. एका रविवारी सकाळी मी सरळ टेम्पो घेऊनच गेलो. इंजिन जसं असेल तसं उचलायचं आणि अमरावतीच्या कुठल्याही कानशीवाल्या मिस्त्रीकडे टाकायचं, असं ठरवलं होतं.

मामा पट्टी नाकाला टेकवून बघत होते. भिंतीवर पहिल्या बेअरिंगापुढे त्याच सकाळचे तीन आकडे होते: दोन, साडेतीन, एक. दोरा मात्र एकच, समोर होता आणि माझ्यासारख्या अडाण्यालाही तो दोनच्या रेघेशी जुळलेला दिसत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन मामींना विचारलं. मामींनी पोळी लाटणं थांबवलं नाही. "साखरेनं डोयाचा पडदा गेला म्हन्ते डाक्टर. चष्म्यानं बी होत नाई अन् आपरेशननं बी नाई. आपल्याले मालूम हाय, हे त्यायले मालूम नाई. तुमी बोलू नोका." दोन वर्षं मी ज्याला विक्षिप्तपणा समजून बायकोजवळ शिव्या घालत होतो, ते हे होतं. मला स्वतःची लाज वाटली.

बाहेर येऊन मी म्हणालो, "मामा, आज मी वाचू का?" त्यांनी पट्टी फडक्यानं पुसली. मग पट्टी माझ्या हातात दिली. पहिली चार बेअरिंगं मी वाचली, चारही दोन. पाचव्याचा दोरा साडेतीनवर होता. फाटकाशी टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. 'दोन' म्हटलं असतं तर मामांनी त्याच दिवशी इंजिन बंद करायला घेतलं असतं आणि त्यांना ते पडताळून पाहता आलं नसतं. माझ्या ओठांवर 'दोन' आलंही होतं.

"साडेतीन," मी म्हणालो.

मामांनी पाचव्या बेअरिंगावरून बोट फिरवलं. "बोटाले तेच वाटून रायलं होतं," ते म्हणाले. "तुमी काय सांगता ते पाहून रायलो होतो." टेम्पो मी रिकामा परत पाठवला.

तेव्हापासून रविवारी मी अकोल्यात असतो. मामा दोरा ठेवतात, आवळतात, उघडतात आणि मी वाचतो. पाचव्यासाठी दुसरं बेअरिंग यायला सहा आठवडे लागले. गेल्या रविवारी पाचही दोन आले. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं, मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी फडक्याला हात पुसले आणि कधी कुणी ऐकलं नसेल असं विचारलं, "मंग जवाईबापू, करू बंद? हे झालं का आता कोनाचं उघडत नाई मी."

जीप मला हवी होती, अजूनही हवी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे धारणीची गाडी पकडायची होती आणि त्या गाडीत कधीच जागा मिळत नाही.

"आज नको, मामा," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी बघू."

मामा "बरं" म्हणाले, आणि तेलाचं फडकं क्रँकवर पसरून चारी बाजूंनी नीट खोचत बसले.