मागितलेल्या गोळ्या

डोळे मिटतात, पण झोप लागत नाही. दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात, चौथ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसलोय. दुपारचा दीड वाजलाय. साहेब लोक जेवायला गेलेत. आमचा इथला हा सहावा दिवस. नऊ राज्यांतून आलेले आम्ही चाळीसएक जण, सगळे एचआयव्हीसह जगणारे. औषध केंद्रांवर गोळ्या संपल्यात. कुठे महिन्याऐवजी आठ दिवसांच्या मिळतात, कुठे तेवढ्याही नाहीत. लहान मुलांचं पातळ औषध तर दोन महिने आलेलंच नाही. म्हणून बसलोय.

मांडीवर एक कागद आहे. त्यात लिहिलंय, पुरवठा लवकरात लवकर सुरळीत करण्याचा प्रयत्न केला जाईल. तीन वाजता यावर सही करायची आणि उठायचं, असं सकाळी ठरल्यासारखं झालंय. सही माझी, कारण सगळ्यांत जुना मी. आप्पासो चौगुले, इचलकरंजी. वय अठ्ठावन्न, त्यातली बावीस वर्षं हेच काम. पाठ दुखते, गुडघे दुखतात, आणि बोलायचा तर इतका कंटाळा आलाय की कुणी नाव विचारलं तरी नको वाटतं. करून टाकावी सही.

आणखी एक गोष्ट आहे, ती इथे कुणाला ठाऊक नाही. चार दिवस मी माझी गोळी घेतलेली नाही. ओडिशाहून मिनती नावाची पंचविशीतली मुलगी आलीय. तिची बाटली रिकामी झाली तेव्हा मी माझी काढून तिच्या हातात ठेवली. माझ्याकडे दुसरी आहे म्हणून खोटं सांगितलं. एक दिवसही चुकवू नका, असं देशभर सांगत फिरलेला माणूस मी.

वर पंखा खटखटतोय. खट, खट, खट.

"जरा सरक की."

मी सरकतो. शेजारी जैतूनभाभी बसतात. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली हे मला माहीत आहे, आणि तरी नवल वाटत नाही. डोक्यावर तोच पिवळट पदर. भाभींचे यजमान आणि मी एकाच शेडमध्ये माग चालवायचो. ते आधी गेले. मग एकाच आठवड्यात भाभींचा आणि माझा रिपोर्ट आला. आमच्या गावात या आजाराच्या लोकांची पहिली बैठक भरली ती भाभींच्या खोलीत. पाच माणसं होतो.

"जेवलास?" भाभी विचारतात.

"हो."

"खोटं बोलतोस. तोंड बघ कसं झालंय."

पंख्याची खटखट वाढत जाते. बघतो तर व्हरांडा संपतच नाही, दोन्ही बाजूंना माग लागलेत आणि सगळे चालू आहेत. भाभी खाली बसून सुताच्या कांड्या भरतायत, पूर्वी भरायच्या तशा, हाताकडे न बघता. साहेबांच्या दारावरची पाटी मात्र तिथेच आहे.

"काय लिवलंय त्या कागदात?"

मी वाचून दाखवतो. मागांच्या आवाजात मला माझंच ऐकू येत नाही, भाभींना मात्र येतं.

"प्रयत्न करणार म्हणजे कधी?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग कागद कशाला म्हणायचं त्याला?"

आवाज थांबतो. आता आम्ही मोठ्या सभागृहात आहोत. हे मी ओळखतो. आम्ही दोघं पहिल्यांदा दिल्लीला आलो होतो ते हेच सभागृह. रेल्वेत दोन दिवस बसून भाभींचे पाय सुजलेले. स्टेजवर मोठमोठे लोक आमच्याबद्दल बोलत होते आणि आम्ही सगळ्यांत मागे. मग भाभी उठल्या, माईकपाशी गेल्या आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "आमचं दुखणं आमास्नी विचारा की." कुणाला भाषा कळली नाही. पण सगळे गप्प झाले. तिथूनच पुढे प्रत्येक बैठकीत आमच्यातली दोन माणसं असावीत असं मान्य झालं.

आज सभागृह रिकामं आहे. खुर्च्यांवर धूळ. भाभी पहिल्या रांगेत बसून पाय चोळतायत.

"थकलोय मी, भाभी," मी म्हणतो.

"दिसतंय."

"बावीस वर्षं तेच बोलतोय. साहेब बदलतात, मी तोच. गोळ्या येतात, पुन्हा संपतात. पुन्हा बॅग भरायची, पुन्हा इथे यायचं."

त्यांनी धीर द्यावा असं मला फार वाटतं. त्या पाय चोळत राहतात.

"भाभी, एक विचारू? तुम्ही मला तुमच्या गोळ्या का दिल्या?"

त्या वर्षी सरकारी औषध सुरू झालेलं नव्हतं. मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी ओळखीतून एका माणसापुरत्या गोळ्या मिळवल्या आणि भाभींच्या नावाने पाठवल्या. त्या मी खाल्ल्या. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. अकरा महिन्यांनी भाभी टीबीने गेल्या. ही हकीकत मी किती व्यासपीठांवरून सांगितलीय याला गणती नाही. भाभींनी आपल्या गोळ्या मला दिल्या, असं म्हटलं की लोक डोळे पुसतात.

"दिल्या कुठं?" भाभी म्हणतात. "तू मागितल्यास."

आम्ही त्यांच्या खोलीत आहोत. स्टोव्हवर चहा उकळतोय. दारात मी उभा आहे, छत्तीस वर्षांचा, हाडं वर आलेली, आणि चप्पल न काढताच बोलतोय, भाभी, मला द्या, माझी पोर लहान आहे. हे मी बघतोय. असंच झालं होतं. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. सांगता सांगता मलाच ते दुसऱ्या तऱ्हेने आठवायला लागलं होतं.

"हो," मी म्हणतो. "मागितल्या."

"मागितल्यास म्हणून दिल्या. नसत्यास मागितल्यास तर मी खाल्ल्या असत्या. मलाबी जगायचं होतं, आप्पा."

चहा उतू जातो. भाभी पदराने भांडं उतरवतात. मी रडतोय की काय ते मला कळत नाही.

"रागावलात का माझ्यावर?"

"तेव्हा रागावले होते. दोन दिवस बोलले नव्हते, आठवतं? मग म्हटलं, मागायला तरी आला. आपल्या गल्लीत किती जण न मागता मेले."

त्या माझ्यासमोर कप ठेवतात आणि माझं मनगट धरतात. हात गार नाही, नेहमीसारखाच खरखरीत आहे.

"त्या पोरीला बाटली दिलीस ती माझी फेड म्हणून?"

मी मान खाली घालतो.

"माझी फेड तिच्याकडं कशाला? निम्म्या परत माग. तिलाबी खरं सांग. आणि थकलास तर ऊठ तिथनं, घरी जा, कोण अडवणार? दुसऱ्याला बसव. पण सही करून उठू नको."

"काका," भाभी म्हणतात. त्या मला कधी काका म्हणत नाहीत. "काका, उठिए."

मिनती वाकून माझा खांदा हलवतेय. तीन वाजायला दहा मिनिटं आहेत. तोंड कोरडं पडलंय. काय बोलायचं ते सुचण्याआधीच मी मोडक्या हिंदीत बोलून जातो, की माझ्याकडे दुसरी बाटली नाही, कधीच नव्हती, निम्म्या गोळ्या परत दे. ती मग पिशवीतून बाटली काढते, ओढणीवर गोळ्या ओतते आणि वाटण्या करते. पहिली गोळी माझ्या हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

"चार दिन?" ती विचारते. तिचा आवाज चढलेला. "आपने चार दिन नहीं ली?"

आत साहेबांसमोर मी सही करत नाही. कागद मिनतीकडे सरकवतो आणि म्हणतो, आजपासून आमच्या बाजूने ही बोलेल. ती घाबरते, थोडं अडखळते, आणि मग साहेबांना एकच गोष्ट विचारते की यात तारीख कुठे आहे. हे ती पाच वेळा विचारते. दोन तासांनी मुलांच्या औषधाची तारीख लिहून मिळते. मोठ्यांच्या गोळ्यांची मिळत नाही. म्हणजे उद्याही बसायचं.

बाहेर येऊन मी नळावर तोंड धुतो. आरशात डाव्या भुवईत काहीतरी पांढरं दिसतं. चिमटीत धरून काढतो. सुताचा बारीक पुंजका आहे, माग चालवणाऱ्यांच्या केसांत, भुवयांत अडकतो तसला. माग सोडून मला वीस वर्षं झाली.

मिनती दारातून हाक मारतेय. बाकीचे आमच्यासाठी जेवायचे थांबलेत.