नंतर चर्चेचा तक्ता

रविवारची उपासना आटोपून, रस्सा-भाकरी पोटात उतरवून शांतवन उजागरे पलंगावर आडवा होतो तेव्हा तीन वाजून गेलेले असतात. पाच वाजता चर्चच्या हॉलमध्ये विचारमंथनाची बारावी बैठक आहे आणि ती त्यालाच घ्यायची आहे.

"पडू नको, उठायचा नाहीस," आई मोरीतून म्हणते.

"डोळे मिटून विचार करतोय," तो सांगतो. तेही खरंच आहे. पुण्याला विचारमंथनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून तो झोपत नाही, नुसता विचार करतो. भांड्यांचा आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो. मग भांड्यांच्या जागी पंख्याची घरघर असते, आणि तो पंखा घरचा नाही.

हॉल गच्च भरलाय. अकरा बैठकांना मिळून एवढी माणसं आली नव्हती. कोणी मोबाइल बघत नाही, कोणी कोणाचं बोलणं तोडत नाही, मागच्या बाकावरचे वडीलजनसुद्धा जागे आहेत. शांतवनला बरं वाटतं. मग तो एकेक चेहरा पाहतो आणि त्याच्या ध्यानात येतं, की इथल्या प्रत्येकाच्या मयतीला आपण जाऊन आलोय.

फळ्यापाशी मकासरे सिस्टर उभ्या आहेत. दवाखान्यातल्या जुन्या नर्स. निम्मी मंडळी त्यांच्या हातावर जन्मली, शांतवन तर पायाळू. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले. अंगावर पांढरी साडी, कपाळावर हिरवी टिकली.

"सिस्टर, टिकली?"

"जिवंतपणी कधी लावली नाही. हे खूळ तुझंच."

खूळ त्याचंच. आवडलेल्या कल्पनेवर रंगीत ठिपका चिकटवायचा, अशी पुण्याची मतदानाची पद्धत. ठिपके इथे मिळेनात, म्हणून तो बांगडीवाल्याकडून टिकल्यांची पाकिटं घेऊन आला. ज्या मंडळीतल्या बायकांनी तीन पिढ्या कपाळ मोकळं ठेवलं, तिथे टिकल्या आल्या त्या अशा. पाळकसाहेबांनी त्यांच्यावर आधी प्रार्थना केली, मग वाटल्या.

"आज विषय काय?" तो विचारतो.

"वाच की. शाळा शिकलायस."

फळ्यावर लिहिलंय: 'जिवंतांपर्यंत कसं पोहोचावं?' खाली चिठ्ठ्या. दार वाजवणे. भांडं पाडणे. कावळा पाठवणे.

"कावळा आपल्यात नसतो, सिस्टर."

"नसतो. पण कुठलीच कल्पना चुकीची नसते म्हणतोस ना, म्हणून लिहून घेतली." त्या शेवटच्या चिठ्ठीवर बोट ठेवतात. स्वप्नात जाणे. तिच्यावर टिकल्याच टिकल्या. "बहुमत झालं. म्हणून आले. मला स्वतःला हौस नव्हती."

तो खाली बसतो. बाक मऊ लागतो, कारण तो बाक नाही, लोखंडी खाट आहे. सगळेच बाक आता खाटा आहेत. लाल घोंगड्या, उशाला पाण्याचे तांबे. मेलेली माणसं शिस्तीत आडवी होतात. पंखा तोच.

सिस्टरांची कल्पना एकच होती. पहिल्या बैठकीपासून चौथीपर्यंत त्यांनी तीच मांडली: जे घरी पडून आहेत त्यांच्याकडे जाऊन बसावं. शांतवनने चारही वेळा ती अदबीने लिहून घेतली आणि भिंतीवरच्या 'नंतर चर्चा' या तक्त्यावर चिकटवली. त्यात नवीन काही नव्हतं. पुण्यात सांगितलं होतं, कल्पना अशी हवी की माणूस थबकला पाहिजे. चर्चच्या दारात देवदूताचे पंख रंगवून फोटो काढायची जागा करावी, या कल्पनेला सव्वीस टिकल्या पडल्या. सगळे थबकले.

चौथ्या बैठकीनंतर सिस्टर न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. हॉलच्या मागच्या गल्लीत त्यांची खोली. दूधवाल्याबरोबर निरोप यायचा, शांत्याला म्हणावं येऊन जा. तो म्हणायचा, बैठक झाली की येतो. आणखी चार बैठका झाल्या. मग एका शुक्रवारी दारात दुधाच्या दोन दिवसांच्या पिशव्या तशाच दिसल्या. मयतीला मात्र तीनशे माणूस. त्यासाठी कोणाला विचारमंथन करावं लागलं नाही.

"खिडकीतून तुझा आवाज यायचा," सिस्टर त्याच्या खाटेच्या कडेला बसतात. "'आपल्याला लोकांपर्यंत पोहोचायचंय.' दर रविवारी. माइक चांगला घेतलायस."

"यायचं होतं मला."

"हो तर. चाळीस पावलं. मी मोजायचे, बाहेर पाऊल वाजलं की. बहुतेक शेळी असायची."

तीन आठवडे तो ज्या वाक्यासाठी तळमळतोय, ते आता त्यांच्या तोंडून निघायला पाहिजे. तो सरळ मागूनच टाकतो.

"सिस्टर, माझं चुकलं. 'असू दे' एवढं म्हणा."

सिस्टर मार्कर उघडतात. पिवळ्या चिठ्ठीवर संथपणे लिहितात, *शांत्याचं चुकलं*, आणि नर्सच्या सवयीच्या चालीने जाऊन ती तक्त्यावर लावून येतात.

"मुद्दा चांगलाय. नंतर चर्चा घेऊ."

"नंतर म्हणजे कधी?"

"तू कधी घेतलीस?"

खाटांवरून कोणी हसत नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"हात दे इकडे," त्या म्हणतात. त्याचं मनगट पकडून तीन बोटं नाडीवर दाबतात. बोटं गार आहेत.

"मी आजारी नाही."

"बोलू नको, मोजणी चुकते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या पुष्कळ असतात. मी पूर्ण मिनिट बसते. एका मिनिटात पेशंटला कळतं, कोणीतरी आपल्यापाशी आहे."

त्यांचे ओठ हलतात. एकेचाळीस. बेचाळीस. खाट पलंगाएवढी होते. त्रेचाळीस.

फोन वाजतो.

"शांतवन," पाळकसाहेब आहेत, "सव्वापाच झाले. आरंभीची प्रार्थना दोनदा करून झाली. टिकल्या वाटू का?"

"आलोच," तो म्हणतो आणि उठत नाही.

डाव्या मनगटावर तीन लाल ठसे आहेत. तो स्वतःची बोटं त्यांच्यावर ठेवून बघतो. त्याची बोटं जाड आहेत, आणि त्यांची दिशा उलटी पडते.

"आई, माझा हात धरला होतास का?"

"मला काय उद्योग नाहीत का? चहा घे नि जा."

फोन पुन्हा वाजतो, वाजून थांबतो. कडेचा ठसा फिकट व्हायला लागलाय. मधलाही. शांतवन मनगट मांडीवर घेऊन, भिंतीला टेकून बसलेला आहे. तिसरा ठसा जाईपर्यंत तो हलत नाही.