कल्हईवाल्याची बोटं

कान्हे गावच्या नूरमहंमद कल्हईवाल्याला अख्ख्या मावळात कुणी पुऱ्या नावानं हाक मारली नाही. तो सगळ्यांचा नूरूभाऊ. पाठीला भाता, खांद्यावर कोळशाचं पोतं अशा थाटात तो गावात शिरला की बायका काळी पडलेली पातेली घेऊन त्याच्या भट्टीभोवती जमत. घरी आपटून पोचा आणलेलं भांडंसुद्धा एखादी बिनदिक्कत त्याच्या पुढ्यात आदळायची, "मागल्या खेपंला तुज्याच हातनं पोचा आला बघ." आणि हा बाबा "व्हय, झालं आसंल माज्याच हातनं" म्हणून तो मुकाट ठोकून द्यायचा. माणसानं गरीब असावं, पण इतकं? त्याची बायको अकबरी यावरून भांडून भांडून थकली होती.

त्या घरात तिसरं माणूस नव्हतं. मानमोडी तापाच्या साथीत त्यांचं तान्हं पोर, हमीद, गेलं. अकबरी तापानं फणफणली होती, पोराचं तोंड आलं होतं आणि त्याला दूध ओढवत नव्हतं. नूरूभाऊच्या आईनं तेव्हाच निकाल लावून टाकला, आईचं तापाचं दूध पोराला बाधलं. अकबरीनं तो मान खाली घालून ऐकला. पुढं सासू वारली, साथीची आठवण लोकांच्या बोलण्यातून गेली, पण तो निकाल काही त्या घरातून हलला नाही. कुणाची बाळंतीण बघायला जायची वेळ आली की अकबरी दारातूनच माघारी फिरायची.

मग एकदा सोमाटण्याहून येताना नूरूभाऊच्या कोळशाच्या पोत्यात मांजरीचं पिल्लू निघालं. काळं म्हणून घरी आणलं आणि अकबरीनं पुसून काढल्यावर कथलाच्या रंगाचं झालं. म्हणून ती कथली. कित्येक वर्षांत कुणाशी लाडानं न बोललेली अकबरी तिच्याशी बोबडं बोलायला लागली. हे ऐकून नूरूभाऊ ओट्यावर बसून तोंड फिरवून हसायचा.

संध्याकाळी तो भट्टीवरून आला, राखेनं हात घासून बसला की कथली मांडीवर चढे आणि त्याची बोटं एकेक करून चाटून काढी. दिवसभर तेजाबाच्या बोळ्यानं भांडी घासायची, तापलेल्या भांड्यात चिमटीनं नवसागराचा खार टाकायचा, पांढऱ्या धुरात कथील फिरवायचं. ती बोटं फुटून वाळल्या ढेकळागत झाली होती. "खारट लागत्याती म्हून चाटती, माया न्हाई काय," अकबरी चिडवायची. "तुला काय कळतंय," म्हणून तो दुसरा हात पुढं करायचा.

एके दिवशी कथलीच्या वरच्या ओठाला लाल चट्टा दिसला. कुठं तरी खरचटलं असेल म्हणून सोडून दिलं. पण चट्टा पसरला, वरची साल गेली, ओठ सुजून एका बाजूला वळला. कथली दुधाच्या वाटीकडं धावत जायची, जीभ लावायची आणि ओरडून मागं सरायची. पुन्हा जायची, पुन्हा मागं. भूक आहे, दूध आहे, आणि मध्ये तो ओठ. हे बघत बसण्यापलीकडं दोघांच्या हातात काही नव्हतं.

शेजारची झुंबरबाई सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातची. तिनं ओठ बघितला आणि म्हणाली, "टाकणखार मधात खलून लाव. तुज्या हमीदलाबी मी ह्येच सांगितलतं."

अकबरी उठून आत गेली.

नूरूभाऊनं टाकणखार आणला. सकाळी कामाला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर कथलीला मांडीत धरून तो आपल्या बोटानं हलकेच औषध लावायचा. चट्टा आणखी वाढला. मग हळद-तूप झालं, तुरटीचं पाणी झालं, गळ्यात ताईत झाला. कथलीच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. "सडक्या तोंडाचं मांजर घरात कशाला ठेवता? पोत्यात घालून इंद्रायणीपल्याड सोडा," असं लोक सांगू लागले. लोकांना सांगायला काय जातं? अकबरी दिवसा दार लोटून बसू लागली.

लोणावळ्याच्या एका बंगल्यावर भांडी करत असताना तिथं घोडे तपासायला डॉक्टर आला. नूरूभाऊनं आयुष्यात कधी केला नव्हता तो धीर केला आणि हात जोडून पुढं झाला. मांजर म्हटल्यावर डॉक्टर हसला खरा, पण माणूस वाईट नव्हता. नीट ऐकून घेऊन म्हणाला, "ओठालाच आहे ना? मग ती काहीतरी जाळणारं चाटते आहे. चुना, सोडा, असलं काही. ते शोधून काढ. ते बंद झाल्याशिवाय कुठलंही औषध लागू पडणार नाही."

चुना! नूरूभाऊ घरापर्यंत तो एकच शब्द घोळवत आला. अकबरीला पानाची सवय होती आणि चुन्याची डबी चुलीशेजारीच असे. साऱ्या गावाचे पोचे आपल्या माथी घेणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्यावर ओरडला, आणि तोही कुणावर, तर अकबरीवर. "तुज्या चुन्यानं मरतीय ती!" डबी त्यानं अंगणापार भिरकावली.

 अकबरीनं पान सोडलं. पोर आपल्या दुधानं गेलं, आता मांजर आपल्या चुन्यानं जाणार, असं तिनं मनाशी धरलं असावं. ती चिंधीची वात दुधात बुडवून कथलीच्या तोंडात थेंब थेंब पिळत राहिली.

त्यानंतर थंडीत लोणावळ्याला भुशीकडच्या बंगल्यांवर मोठं काम निघालं आणि नूरूभाऊ तिकडंच राहिला. परतला तेव्हा दारात कथली उभी. ओठ सरळ, चट्ट्यावर नवी गुलाबी कातडी, पोट गुबगुबीत. त्याला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. "बघ! चुना गेला आन गुण आला." अकबरीनं मान हलवली. कथली मांडीवर चढली आणि इतक्या दिवसांची भूक असल्यागत त्याची बोटं चाटू लागली.

आठवडा उलटला नाही तोच ओठ पुन्हा लाल.

आता घरात चुना नव्हता. अकबरीनं त्याच्या हातांकडं बघितलं. नूरूभाऊनंही बघितलं. थंडीनं त्याचा स्वतःचा ओठ उलला होता. त्यानं आपलं बोट, राखेनं घासलेलं, धुतलेलं बोट, त्या भेगेला लावलं. असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. नवसागर आणि तेजाब बोटांच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलं होतं. आणि त्याच बोटानं त्यानं त्या जखमेला औषध लावलं होतं, रोज, मायेनं.

तो तिथंच थिजला. कारण टाकणखार आणि मध त्यानं त्याआधीही एकदा बोटावर घेतला होता. अकबरी तापात पडलेली. तो भट्टीवरून उठून यायचा आणि हमीदच्या तोंडात औषधाचं बोट घालायचा. भुकेलं पोर ते बोट ओढायचं. ओढतंय म्हणजे जगंल, असं त्याला वाटलं होतं.

अकबरीच्या हे ध्यानात येऊ नये, एवढंच त्यानं अल्लाकडं मागितलं. पण ती दुधाची वाटी हातात घेऊन उभीच होती.

"अवो, हमीदला औषद तुमीच लावत व्हता न्हवं?"

"व्हय."

"ह्याच बोटानं?"

"व्हय."

तिनं वाटी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "मंग ते माजं दूध न्हवतं."

त्यात राग नव्हता, बोल लावणं नव्हतं. इतकी वर्षं डोक्यावर असलेला भारा कुणीतरी उतरवला आणि मान अजून अवघडलेलीच आहे, असं तिचं तोंड दिसत होतं.

साथीनं घरोघरची पोरं गेली, त्यात ना कुणाचं दूध होतं ना कुणाचं बोट, असं नूरूभाऊला म्हणता आलं असतं. कदाचित तेच खरंही असेल. आता कोण सांगणार? पण तसं म्हटलं असतं तर दुधाचा संशय पुन्हा तिच्या पदरात पडला असता.

"न्हवतं," तो म्हणाला. "दूध न्हवतं. माज्याच हातनं झालं."

अकबरी मटकन खाली बसली आणि हमीद गेला तेव्हा रडायचं राहिलं होतं ते सगळं रडली. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं त्याला फार वाटलं, पण हात उचलेना. कथली येऊन त्याच्या गुडघ्याला डोकं घासू लागली, नाकानं त्याचा हात शोधू लागली. त्यानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. उद्या कामशेतची भांडी होती, परवा आणखी कुठली. दुसरा धंदा त्याला येत नव्हता.

कथलीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि ती अकबरीच्या मांडीवर जाऊन बसली. अकबरीनं डोळे पुसले, चिंधीची वात दुधात बुडवली आणि तिच्या तोंडाशी नेली. नूरूभाऊ काखेतले हात न काढता बघत राहिला.